दोन मिनिटं चोवीस सेकंद



मागच्या वेळी चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्यावर डाळी-बेसनाचं काय काय करता येतं ते लिहिलं होतं. बऱ्याच जणींनी करून पाहिलं आणि आवर्जून कळवलं, बरं वाटलं. आजचा विषय जरा वेगळा आहे. जुन्या कॅसेटमधलं चित्रण घरच्या टीव्हीवर दिसेल अशी डिस्क कशी करायची, आणि ती करताना मी कुठे कुठे आपटले, ते आज सांगणार आहे. तुमच्याही कपाटात लग्नाच्या, पंचकल्याणकाच्या, यात्रांच्या कॅसेट पडून असतीलच. माझी फजिती तुमच्या कामी यावी म्हणून लिहिते.

हसू नका. मी साठी ओलांडलेली बाई, शिक्षण बी. कॉम. आमच्या वेळी हिशोब कागदावर, बेरीज तोंडी. कॉम्प्युटर मुलांनी शिकवला तेवढाच. पण या कामात शेवटी उपयोगी पडला तो हिशोबच.

गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यातली, पण तिची सुरुवात २००६ ची. त्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा योग. घरातून कोण जाणार याची बोलणी सुरू झाली, पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन सुनांपैकी एकीला मागे राहणं भाग होतं. मोठ्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, मला म्हणाल्या, "तू जाय. मी पाहतो सासूबाईले." मी गेले. हे, मी आणि बाईंचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे दादा.

यांनी नवा हँडीकॅम घेतला होता. दारव्ह्याच्या स्टेशनवर आम्ही शकुंतलेत बसलो, तिथून चित्रण सुरू झालं. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बसलो, तिथलं थोडं, आणि मग सगळं श्रवणबेळगोळचं. विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या, मूर्तीमागे उभा केलेला तो प्रचंड मचाण, आणि अठ्ठावन्न फुटांच्या बाहुबलींवरून खाली उतरणारं दूध, उसाचा रस, हळद, चंदन. दर थोड्या वेळाने मूर्तीचा रंग बदलायचा. दादा कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून सगळं बाईंसाठी सांगत होते. आता काय चाललंय, कशाचा कलश आहे, गर्दी किती आहे. घरी मागे राहिलेल्या माणसाला सगळं दिसावं म्हणून.

आम्ही परतलो आणि तीन आठवड्यांत सासूबाई गेल्या. मग सुतक, मग पाहुणे, आणि वर्षभरात वाटण्या. वाटण्यांच्या वेळी घराघरात होतं तेच झालं. चार शब्द इकडून गेले, चार तिकडून आले. आम्ही यवतमाळला राहायला आलो. सामानाबरोबर ती कॅसेटही आली. २०११ साली दादा गेले. बोलणं-येणं-जाणं कधीच तुटलं नाही, पण 'ती कॅसेट दाखव' असं बाईंनी कधी म्हटलं नाही, आणि मीही कपाट उघडलं नाही. तेरा वर्षं.

२०१९ च्या वैशाखात मी दारव्ह्याला गेले होते. बाई एकट्याच राहतात, सोबतीला कामाची एक बाई. मुलगा पुण्याला. दुपारी बसलो असताना त्या म्हणाल्या, "औंदा दशलक्षणात टीव्हीचा नियम घेऊन राहिली मी. कायमचा." मी म्हटलं, चांगलं आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्याच्या आधी मले ते गोमटेश्वरचं पाहू दे. मोह आहे, मले समजते. पण न पाहता सोडलं त मनात राहीन. पाहून सोडतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीपर्यंत चार महिने होते.

दुसऱ्याच दिवशी कपाट उघडलं. कॅसेट सापडली, आगपेटीपेक्षा थोडी मोठी, मिनीडीव्ही म्हणतात तसली, साठ मिनिटांची. बुरशी लागलेली नव्हती. कॅमेऱ्याची बॅटरी मात्र फुगून गेली होती आणि चार्जर कुठे गेला कोण जाणे. म्हणून यवतमाळातल्या एका फोटो स्टुडिओत कॅसेट दिली. आठ दिवसांनी त्यांनी पेनड्राइव्हवर एक एमपीफोर फाइल दिली. लॅपटॉपवर लावली तर छान दिसली. मला वाटलं, झालं काम.

काम तिथून सुरू झालं.

बाईंकडे जुना, मागे पोट असलेला टीव्ही आहे आणि त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला डीव्हीडी प्लेअर. माझा पुतण्या पुण्याहून फोनवर म्हणाला, "काकू, एवढा खटाटोप कशाला, मी स्मार्ट टीव्हीच पाठवतो." बाईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी सोडायले निघाली आन् तू नवा आणून राहिला काय?" विषय संपला. मी लॅपटॉप नेऊन दाखवते म्हटलं, तर तेही नको. "त्या पाटीवर नको. मले माझ्या जागेवर बसून पाहायचं." मला ते पटलं. त्यांच्या रिमोटवर चार बटणांना त्यांनी नेलपॉलिशचे ठिपके लावून ठेवले आहेत. दुसऱ्याने लावून द्यायचं आणि दुसऱ्याच्या सवडीने पाहायचं, हे त्यांना नको होतं.

तर पहिली डिस्क. बाजारात कोऱ्या डिस्कच मिळेनात. पूर्वी मोझर बेअरच्या डिस्क पानपट्टीवरही दिसायच्या. या कंपनीने चित्रपटांची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकली होती, आठवतं ना? २०१८ साली ती अवसायनात गेली. शेवटी एका झेरॉक्सच्या दुकानात धूळ खात पडलेलं पाकीट मिळालं. नातवाने, म्हणजे बाईंच्या नातवाने, सुटीत येऊन ती फाइल डिस्कवर राइट करून दिली. प्लेअरमध्ये घातली तर पडद्यावर 'डिस्क एरर'.

कारण साधं आहे. डिस्कवर फाइल ठेवणं वेगळं आणि डीव्हीडी बनवणं वेगळं. फाइल ठेवली तर ती सामानाची डिस्क होते. तिच्यात काय आहे ते कॉम्प्युटरला कळतं, जुन्या प्लेअरला नाही. प्लेअरला लागते व्हिडिओ डीव्हीडी. तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं, आणि त्यात व्हीओबी नावाचे, जास्तीत जास्त एक जीबीचे तुकडे. चित्र बहुधा एमपेग-टू या पद्धतीने बांधलेलं असतं.

नातू म्हणाला, "आजी, सोपं आहे. फाइलचं नाव बदलू." त्याने नावातलं एमपीफोर खोडून एमपीजी केलं. पुन्हा राइट, पुन्हा एरर. यावर मी त्याला आमच्या फळीवरचे डबे दाखवले. एका डब्यावर मी कधीकाळी 'गहू' लिहिलं होतं, आत ज्वारी आहे. डब्यावर काय लिहिलंय यावरून भाकरी ठरत नाही. फाइलचंही तसंच. एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही हे डबे. आतलं धान्य म्हणजे चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवलंय ते, त्याला कोडेक म्हणतात. धान्य बदलायचं तर ते दळावं लागतं, म्हणजेच कन्व्हर्ट करावं लागतं. डब्यात काय आहे हे पाहायला व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावून कंट्रोल आणि जे दाबायचं, सगळी माहिती समोर येते.

मग नातवाने एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवून घेतला आणि सगळी उत्तरं 'ओके, ओके' देत डिस्क बनवली. या वेळी प्लेअरने ती घेतली, पण चित्र कृष्णधवल आणि वरून खाली सरकत राहिलेलं. बाई म्हणाल्या, "हे त आपल्या अँटेनाच्या वेळचं झालं."

त्यांनी नकळत बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. आपल्या देशात १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा. पाल म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं, पडद्यावर ५७६ ओळी. अमेरिका-जपानमध्ये एनटीएससी, सेकंदाला जवळजवळ तीस चित्रं आणि ४८० ओळी. आपल्या विजेचे फेरे सेकंदाला पन्नास, अमेरिकेचे साठ, त्या निम्म्यावरून हे आकडे आले. बाहेरची बरीच सॉफ्टवेअरं आपणहून एनटीएससी निवडून ठेवतात आणि आपण 'ओके' दाबत जातो. पंचवीसच्या टीव्हीला तीसचा माल पचत नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'पाल' निवडायचं, एवढंच औषध.

चौथी डिस्क पालची. आषाढ लागला होता. मी ती घेऊन एसटीने दारव्ह्याला गेले, पावसाची झड होती, डिस्क पिशवीत पदराखाली धरलेली. लावली. रंग आले. शकुंतलेचा भोंगा वाजला. ती गाडी आता बंद आहे, त्या भोंग्याने मलाच गलबललं. मग पायऱ्या, मग मचाण, आणि दादांचा आवाज. मी बाईंकडे पाहत होते. त्या टीव्हीकडे पाहत होत्या, मान थोडी वाकडी करून. पाच मिनिटं झाली असतील. त्यांनी नेलपॉलिशचं बटण दाबून चित्र थांबवलं.

"हा आवाज त्यायचा नाही होय."

मी म्हटलं, "बाई, दादाच आहेत ना. दिसतात की."

"दिसतात ते. बोलतात ते नाही. ते असे घाईघाईनं नाही बोलत."

मी, नातू, कामाची बाई, तिघांनी कान देऊन ऐकलं. आम्हाला काहीच वेगळं वाटेना. नातू म्हणाला, इतक्या वर्षांनी आवाज विसरायला होतो. मीही मनात तेच म्हटलं, खोटं कशाला बोलू. आणि थोडा रागही आला, की चार-चार डिस्क केल्या आणि आता हे. बाईंनी वाद घातला नाही. "असो," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. त्यांचं ते 'असो' मला परतीच्या एसटीत सगळा रस्ता टोचत राहिलं. २००६ मध्ये त्या अशाच 'असो' म्हणून मागे राहिल्या होत्या.

घरी आल्यावर मी हिशोबाला बसले. आवाज मोजता येत नाही, पण वेळ मोजता येते. कॅसेट साठ मिनिटांची, शेवटपर्यंत भरलेली. स्टुडिओची फाइल लॅपटॉपवर लावली, बरोबर साठ मिनिटं. डिस्क लॅपटॉपमध्ये घातली, सत्तावन्न मिनिटं छत्तीस सेकंद.

दोन मिनिटं चोवीस सेकंद कमी. ताळेबंद जुळत नसेल तर बी. कॉम. झालेल्या बाईला जेवण जात नाही. मला वाटलं, शेवट कापला गेला असेल. पाहिलं, तर शेवट जागच्या जागी. सुरुवातही जागच्या जागी. म्हणजे मधून काही गेलेलं नव्हतं, सगळंच थोडं थोडं पळत होतं. छत्तीसशे सेकंदांत एकशे चव्वेचाळीस कमी, म्हणजे बरोबर चार टक्के. आणि चार टक्के म्हणजे पंचवीसात एक.

व्हीएलसीत पाहिलं तेव्हा चोर सापडला. हँडीकॅमने सेकंदाला पंचवीस चित्रं टिपली होती. स्टुडिओतल्या मुलाने फाइल करताना चोवीस ठेवली होती. विचारल्यावर म्हणाला, "चोवीसला सिनेमासारखं दिसतं." त्याने दर सेकंदाला एक चित्र टाकून दिलं, पण वेळ साठ मिनिटंच ठेवली, म्हणून त्याच्या फाइलमध्ये आवाज ठीक होता. मग आमच्या कन्व्हर्टरला पाल हवं होतं, म्हणजे पंचवीस. त्याने काय केलं, तर चोवीस चित्रांची फाइलच भरभर पळवली, की झाली पंचवीस. चित्राबरोबर आवाजही पळाला आणि चार टक्क्यांनी वर चढला.

यात नवल असं काही नाही. चित्रपट चोवीस चित्रांचे असतात, आणि पाल पद्धतीच्या टीव्हीवर ते दाखवताना सर्रास असेच पंचवीसने पळवले जायचे. तीन तासांचा सिनेमा त्यामुळे सात मिनिटं लवकर संपायचा आणि गाणी थोडी चढ्या सुरात वाजायची. आपण वर्षानुवर्षं तशीच ऐकली, आपल्याला कळलं नाही. बाईंना पाच मिनिटांत कळलं. चाळीस वर्षं ज्या माणसाची हाक दाराबाहेरून ओळखली, त्याच्या आवाजातले चार टक्के.

मी लगेच फोन लावला. "बाई, तुमचं बरोबर होतं. आवाज पळत होता." तिकडून त्या एवढंच म्हणाल्या, "मी म्हणत होती ना."

आता दुरुस्ती. साधा उपाय होता तो असा, की चोवीसची फाइल न पळवता, दर सेकंदाला एक चित्र दोनदा दाखवून पंचवीस करायची. वेळ आणि आवाज दोन्ही नीट राहतात. पण एकदा चित्र फेकलेलं आणि पुन्हा एक भरीला घातलेलं, मग पाणी पडताना मध्येच धक्का बसल्यासारखं दिसतं. म्हणून मी कॅसेट पुन्हा त्याच स्टुडिओत नेली आणि सांगितलं, "काही सुधारू नका. जसं आहे तसं, पंचवीसचं, फायरवायरने उतरवून द्या." त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला ती तार होती. अशी पुन्हा न दाबलेली फाइल तासाला सुमारे तेरा जीबी होते. सोळा जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह नेला होता, तरी 'फाइल फार मोठी आहे' म्हणून घेईना. पेनड्राइव्ह फॅट-थर्टीटू पद्धतीने मांडलेला असला तर चार जीबीच्या वरची एक फाइल त्यात मावत नाही, एकूण जागा कितीही असो. तो एनटीएफएसने फॉरमॅट केला आणि फाइल आली.

डिस्क बनवायला मी या वेळी डीव्हीडी स्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. सुरुवातीलाच ते विचारतं, पाल की एनटीएससी, चित्र चारास तीन की सोळास नऊ. जुन्या टीव्हीला चारास तीन, नाहीतर माणसं चपटी किंवा लांबुडकी दिसतात. आणखी एक खोच होती. जुना कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत टिपतो, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. मिनीडीव्हीमध्ये खालची ओळ आधी. सॉफ्टवेअरला उलटं सांगितलं तर हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. माझी एक डिस्क त्यात गेली.

मग ती राइट करताना सगळ्यात कमी वेगावर, चारच्या वेगाने केली. पंधरा मिनिटं लागतात, लागू द्यायची. आणि शेवटी 'फायनलाइज' केलं. ते राहिलं तर डिस्क आपल्या कॉम्प्युटरवर चालेल, प्लेअरवर नाही.

झाल्यावर आधी घड्याळ पाहिलं. साठ मिनिटं पूर्ण.

श्रावण संपायला आठ दिवस होते तेव्हा मी दारव्ह्याला गेले. बाईंनी सकाळचं सामायिक आटोपलं, स्नान, देवदर्शन झालं, जेवण झालं. मग आपल्या जागेवर बसल्या, भिंतीला उशी लावून. मला शेजारी बसवलं. त्यांनीच बटण दाबलं.

दादा बोलायला लागले आणि मी बाईंकडे न पाहता खाली पाहत राहिले. चौथ्या डिस्कच्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते, ते आता नको वाटलं. एका ठिकाणी दादा म्हणतात, "घरी आहे ती सासूची सेवा करून राहिली, तिचा अभिषेक आपल्या आधी झाला." कॅमेऱ्यामागे मी हसल्याचा आवाज आहे. तेव्हा मी ते वाक्य ऐकलं होतं, हसले होते, आणि विसरले होते. ज्या माणसासाठी ते बोललं गेलं तिच्यापर्यंत पोचायला तेरा वर्षं लागली, कारण ते माझ्या कपाटात होतं.

बाईंनी तेवढंच मागे नेऊन पुन्हा ऐकलं. एकदाच. मग शेवटपर्यंत पाहिलं, पडदा निळा होईपर्यंत.

"आता बरोबर आहे," म्हणाल्या. "पुरे साठ मिनिटं झाले काय?"

"झाले, बाई."

मैत्रिणींनो, आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी एकत्र सांगते, म्हणजे सात डिस्क वाया घालवण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

१. कॅसेट स्टुडिओत देताना लिहून द्या: पंचवीस चित्रं, मूळ लांबी, काही सुधारणा नको. फाइल आली की आधी तिची लांबी कॅसेटच्या लांबीशी ताडून पाहा. डिस्क झाल्यावर पुन्हा ताडा.

२. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर तेच ४.३७ दाखवतो. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी. घाबरू नका.

३. डिस्कमध्ये किती वेळ बसवायचा हा घरखर्चासारखा हिशोब आहे. रक्कम ठरलेली, जितके दिवस जास्त तितकं रोजचं कमी. एक तास असेल तर सेकंदाला आठ मेगाबिटपर्यंत द्या. दोन तासांना पाचच्या जवळपास येतं. तीन तास कोंबले तर साडेतीनही उरत नाही, आणि पाणी, गर्दी, फुलांचा वर्षाव असं हलतं दृश्य चौकड्या-चौकड्यांचं दिसतं. त्यापेक्षा दोन डिस्क करा.

४. व्हीसीडी करू नका, जुना प्लेअर ती चालवत असला तरी. तिचं चित्र डीव्हीडीच्या पाव भागाएवढंच असतं.

५. मोबाइलवरचं चित्रण डिस्कवर घ्यायचं असेल तर एक अडचण येते. मोबाइल सेकंदाला कधी तीस, कधी अठ्ठावीस अशी कमी-जास्त चित्रं टिपतो, मग डिस्कवर ओठ पुढे आणि आवाज मागे राहतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आधी ती फाइल एकसारख्या पंचवीसवर आणून घ्या. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, ते काम पुन्हा डीव्हीडी स्टायलरचं. आणि मोबाइल आडवा धरून शूटिंग करा.

६. चाचणीसाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डिस्क वापरा, पक्की झाल्यावर साधी. काही जुने प्लेअर मात्र अशी डिस्क घेत नाहीत, आधी पाहून घ्या.

७. तुमचा टीव्ही नवा असेल आणि त्याला पेनड्राइव्ह लागत असेल तर डिस्कची गरजच नाही. साधी एमपीफोर फाइल बहुतेक टीव्ही घेतात. नव्या मोबाइलमधली एच २६५ ची फाइल काही टीव्ही घेत नाहीत, ती एच २६४ मध्ये बदला.

८. घरी राइट केलेली डिस्क म्हणजे काही दगडावरचा शिलालेख नव्हे. तिच्यातला रंग उन्हाने, उष्णतेने उडतो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पाठीवर कागद चिकटवू नका, नाव मधल्या गोल भागात मार्करने लिहा. मूळ फाइल वेगळ्या दोन ठिकाणी ठेवा, आणि कॅसेट फेकू नका.

आणि नववी गोष्ट सॉफ्टवेअरची नाही. घरातलं म्हातारं माणूस 'हे बरोबर नाही' म्हणालं तर आधी मोजून पाहा, मग बोला.

भाद्रपद शुद्ध पंचमीला बाईंनी मंदिरात नियम घेतला. क्षमावाणीच्या दिवशी मी दारव्ह्याला गेले. उत्तम क्षमा आपण सगळ्यांना म्हणतो, हात जोडतो, पुढे जातो. त्या दिवशी मी कॅसेटचं नाव घेऊन म्हटलं, वाटण्यांच्या वेळचे माझे शब्दही नाव घेऊन म्हटले. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "माह्याही मनात होतं थोडं. तूच गेली म्हणून. तेही मी सोडलं."

टीव्हीवर आता कापड घातलेलं आहे. प्लेअर त्यांनी कामाच्या बाईच्या मुलीला दिला. निघताना त्यांनी डिस्क माझ्या हातात ठेवली.

"तुह्यापाशी राहू दे. माहं पाहून झालं."

ती आता माझ्या कपाटात आहे, कॅसेटच्या शेजारी. पण या वेळी कपाटाला कुलूप नाही. दारव्ह्याकडचे, यवतमाळकडचे, दोन्ही घरचे नातवंडं येतात तेव्हा लावते. शकुंतलेचा भोंगा वाजला की ती विचारतात, ही कोणती गाडी. मग मी सांगायला बसते.

तुमच्या कपाटात काय आहे, या रविवारी उघडून पाहा.

जय जिनेंद्र.